मुलुंडच्या गच्चीवरून तेजोमेघाचा रंगीत फोटो कसा घ्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला राहता, सोसायटीची गच्ची वापरायला मिळते. ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची ईडी रिफ्रॅक्टर (रंगदोष कमी असलेली, भिंगाची) दुर्बीण आहे, पण ती हाताने फिरवायच्या साध्या तिपाईवर. घरात एक जुना एपीएस-सी डीएसएलआर पडून आहे. मृगातला तेजोमेघ दुर्बिणीतून पाहिला तर राखाडी धुरकट ठिपका दिसला. मग फोटोंतले लाल-निळे रंग खरे की संगणकावर भरलेले? मुंबईतून असा फोटो निघेल का? त्यासाठी मोठी दुर्बीण घ्यावी का?

फोटो नक्की निघेल. रंग खरे आहेत. आणि मोठी दुर्बीण अजिबात घेऊ नका. ८० मिलिमीटर, एफ ६ (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) ही या कामासाठी फार चांगली दुर्बीण आहे. तुमच्या कॅमेऱ्याबरोबर ती आकाशाचा सुमारे २.७ बाय १.८ अंशांचा तुकडा टिपते. मृगातला तो तेजोमेघ, एम ४२, एक अंशाहून थोडा मोठा आहे, म्हणजे तो सगळ्या पंखांसह चौकटीत आरामात बसतो. आठ इंची दुर्बीण घेतलीत तर नाभीय अंतर वाढून तोच तेजोमेघ चौकटीबाहेर जाईल, वजन वाढेल आणि ती पेलून फिरवणाऱ्या माउंटचा खर्च कितीतरी पट होईल. पैसे माउंटवर घाला, मग फिल्टरवर.

रंगांचं आधी सांगतो, कारण मुंबईतून फोटो निघण्याचं सगळं गणित त्यातच आहे. मंद प्रकाशात आपण दंडपेशींनी पाहतो आणि त्यांना रंग कळत नाहीत. त्या साधारण ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वात तल्लख असतात, गडद लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या. तेजोमेघातला हायड्रोजन सर्वात जोरात चमकतो तो ६५६.३ नॅनोमीटरला, म्हणजे नेमका तिथे जिथे अंधारातला डोळा निकामी होतो. दुर्बीण मोठी केली तरी याला उपाय नाही. दुर्बीण तेजोमेघाचा आकार वाढवते, पण त्याचं पृष्ठीय तेज, म्हणजे दर चौरस अंशामागचं तेज, नुसत्या डोळ्याला दिसतं त्यापेक्षा कधीच वाढवू शकत नाही. कॅमेऱ्याला ही अडचण नाही. तो मिनिटामागून मिनिट प्रकाश साठवत जातो.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता त्यांना मोजक्या चमकदार रेषा दिसल्या. हा वायू आहे, ताऱ्यांचा दाट पुंजका नाही, हे तेव्हा कळलं. त्यातली हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा आहे. आपल्या हवेत असा ऑक्सिजन ती रेषा सोडण्याआधीच दुसऱ्या अणूवर आदळतो. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की त्याला ती सोडायला सवड मिळते. ही रेषा ५००.७ नॅनोमीटरला आहे, तिची जोडीदार ४९५.९ ला. तेजोमेघाच्या गाभ्यातली निळसर-हिरवी झाक यांचीच.

म्हणजे तेजोमेघाचा बहुतेक प्रकाश दोन-तीन अरुंद रेषांमध्ये एकवटलेला असतो, तर शहराचा प्रकाश संपूर्ण वर्णपटभर पसरलेला असतो. मुंबईत राहून आपण जे काही करतो ते या फरकाच्या जोरावर.

आता शहराचा हिशोब. चांगल्या काळ्या आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २१.५ ते २२ प्रतीची असते. प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं आकाश उजळ. मुंबईत ती साधारण १७.५ ते १८ असते. चार प्रतींचा फरक म्हणजे सुमारे ४० पट उजळ आकाश. पार्श्वभूमी जितक्या पट उजळ, तितक्या पट जास्त वेळ द्यावा लागतो, तेव्हा कुठे फोटोतला कणीदारपणा सारखा होतो. भंडारदऱ्याला एका तासात जे मिळेल त्याला मुलुंडमध्ये, फिल्टर न लावता, ४० तास. एका हिवाळ्यात एवढे स्वच्छ तास जमवणं नोकरीधंदा सांभाळून कुणालाच परवडत नाही.

इथे दुहेरी नॅरोबँड फिल्टर कामाला येतो. हा फिल्टर हायड्रोजनची लाल रेषा आणि ऑक्सिजनची निळसर-हिरवी रेषा, या दोघींभोवती प्रत्येकी सुमारे ७ नॅनोमीटरची खिडकी ठेवतो आणि बाकी सगळं अडवतो. डोळ्याला दिसणारा वर्णपट ३०० नॅनोमीटरचा धरला तर दोन खिडक्या मिळून १४. शहराच्या पांढऱ्या उजेडाचा साधारण विसावा हिस्सा उरतो आणि तेजोमेघाच्या रेषा जवळजवळ पूर्ण आत येतात. त्या ४० पटींपैकी बराचसा तोटा असा भरून निघतो. दुकानात स्वस्तात मिळणारे जुने ‘प्रकाशप्रदूषण फिल्टर’ मात्र घेऊ नका. ते सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळातले. सोडियमचा प्रकाश ठरावीक पट्ट्यांत असायचा, तेवढा गाळला की काम व्हायचं. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे बदलले तेव्हा सगळ्यांनी रंगाची चर्चा केली; आकाश पाहणाऱ्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट होती. एलईडीचा प्रकाश सलग पसरलेला असतो, तो गाळायला पट्टाच सापडत नाही. आज मुंबईत अरुंद खिडकीच हवी.

या फिल्टरची मर्यादाही लक्षात ठेवा. तो फक्त स्वतः चमकणाऱ्या वायूसाठी आहे. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं किंवा मृगातला एम ७८ हे धुळीवरून परावर्तित झालेले ताऱ्यांचे प्रकाश. त्यात रेषा नाहीत, सलग वर्णपट आहे. फिल्टर लावला की ते शहराच्या उजेडाबरोबरच गाळले जातात. दीर्घिकांचंही तेच. माझा नियम सरळ आहे: उत्सर्जन तेजोमेघ घरून, परावर्तन तेजोमेघ गावाकडून. कृत्तिका हव्यात तर गाडी काढून माळशेजच्या पलीकडे किंवा जव्हारच्या बाजूला जायचं. वांगणीला मुंबईच्या खगोलप्रेमींच्या अनेक पिढ्यांनी लोकलने जाऊन रात्री काढल्या; बदलापूर वाढत गेलं तसं तिथलं आकाशही उजळलं आहे, तरी मुलुंडपेक्षा ते आजही कितीतरी बरं.

आता माउंट. तुमच्या तिपाईवरून फोटो का निघणार नाही ते आकड्यांतच पाहा. मृगाजवळचं आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. तुमच्या जोडणीत, कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा धरला तर, एक पिक्सेल १.८५ विकला टिपतो. म्हणजे एका सेकंदात तारा आठ पिक्सेल ओढला जातो. तारे फिरतात त्या वेगाने दुर्बीण फिरवणारा इक्वेटोरियल माउंट हवाच. दुर्बीण, कॅमेरा आणि गाइडिंगचं सामान मिळून पाच किलोच्या आसपास जाईल. जाहिरातीत लिहिलेल्या वजनक्षमतेच्या निम्म्या-पाऊण भारापर्यंतच थांबा. दोन मिनिटांच्या एक्सपोजरसाठी ३० ते ५० मिलिमीटरची छोटी गाइड दुर्बीण, तिला एक छोटा कॅमेरा आणि संगणकावर पीएचडी २ हा मोफत प्रोग्रॅम लागेल. तो एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या बारीक चुका सतत दुरुस्त करत राहतो.

वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा, मोटर लावलेला आल्ट-अझिमथ माउंट स्वस्त पडतो, म्हणून बरेच जण तो घेतात. त्यात तारा मध्यभागी राहतो, पण चौकट स्वतःभोवती फिरते. मुंबई १९ अक्षांशावर, विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून इथे हा त्रास जास्त. एम ४२ दक्षिणेला ६५ अंशांवर, सर्वात उंच असतो, तेव्हा चौकट तासाला सुमारे ३४ अंशांनी फिरते. ३० सेकंदांतसुद्धा कडेचे तारे कमानीसारखे दिसतात. त्याच्या तीन तास आधी, तो आग्नेयेकडे असताना, हाच वेग तासाला सात-आठ अंशांवर येतो. आल्ट-अझिमथवर काम करायचंच असेल तर पूर्वेला किंवा पश्चिमेला करा, डोक्यावरच्या गोष्टींच्या नादी लागू नका.

इक्वेटोरियल माउंट ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि मुंबईत इथेच लोक हिंमत सोडतात. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून फक्त १९ अंश वर. उत्तरेला समोरची इमारत असेल किंवा धुरकं असेल तर तो दिसतच नाही. काळजी करू नका. आता कॅमेऱ्याने आकाशाच्या कुठल्याही भागाचे तीन फोटो घेऊन, त्यातले तारे ओळखून, माउंट ध्रुवापासून किती हुकला आहे हे सांगणारे प्रोग्रॅम आहेत. ‘नीना’ नावाचा मोफत प्रोग्रॅम हे उत्तम करतो. होकायंत्राने अंदाजे उत्तर धरा, माउंटवरचा अक्षांश १९ वर लावा, बाकीचं तो स्क्रू फिरवायला सांगत सांगत करून घेतो.

कॅमेऱ्याबद्दल एक अडचण तुम्हाला लवकरच जाणवेल. डीएसएलआरच्या सेन्सरसमोर कारखान्यातच एक फिल्टर बसवलेला असतो. माणसांची कातडी लालभडक दिसू नये म्हणून तो गडद लाल कापतो आणि हायड्रोजनचा जेमतेम पाव हिस्सा आत सोडतो. एम ४२ इतका तेजस्वी आहे की तरीही लाल रंग येतो. रोझेटसारख्या फिक्या तेजोमेघाला मात्र हा फिल्टर काढलेला कॅमेरा किंवा थंड ठेवता येणारा खगोलीय कॅमेरा लागेल. पहिल्या हिवाळ्यात आहे त्या कॅमेऱ्यावर काम करा, घाई नाही.

गच्चीवर कुठे उभं राहता यानेही फरक पडतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो आणि त्यावरची हवा ताऱ्यांना थरथरवते. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा तर दुर्बिणीच्या रेषेत येताच कामा नये. पाण्याच्या टाकीची भिंत मात्र उपयोगी: समोरच्या टॉवरचा दिवा तिच्याआड घ्या. एक्सपोजर चालू असताना स्लॅबवर चालू नका. तुमच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा पट्टा आहे, तिथे जवळचे दिवे कमी, म्हणून एम ४२ दक्षिणोत्तर रेषा ओलांडून पश्चिमेकडे कलला की पार्श्वभूमी थोडी सुधारलेली दिसेल. दमट हवेत भिंगावर दव धरतं; त्याभोवती गुंडाळायची पाचेक वॅटची तापपट्टी घ्या. आणि काम झालं की दुर्बीण लगेच डबीत बंद करू नका, कोरडी होऊ द्या, मग सिलिका जेलबरोबर ठेवा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरली की ती भिंगाचं कोटिंग खाते. मुंबईत दुर्बिणी धक्क्याने कमी आणि बुरशीने जास्त खराब होतात असं माझं निरीक्षण आहे.

आता प्रत्यक्ष रात्र. जानेवारीच्या मध्यावर एम ४२ रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वात उंच असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठलाच. आठपासून साडेबारापर्यंतचा वेळ त्याला द्या. मृगाच्या पोटातले ओळीने तीन तारे, तो व्याधाचा बाण. त्याच्या दक्षिणेला हा तेजोमेघ, आपल्यापासून सुमारे १,३४४ प्रकाशवर्षं दूर. आधी व्याधासारख्या तेजस्वी ताऱ्यावर बाहतिनोव्ह मास्क लावून फोकस करा. त्या जाळीमुळे ताऱ्याला तीन रेघा फुटतात. मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मधोमध आली की फोकस झाला. तापमान उतरतं तसा फोकस सरकतो, म्हणून दर तासाने पुन्हा पाहा.

आयएसओ ८०० ठेवा, फाइल नेहमी रॉ. फिल्टरसह १२० सेकंदांची एक्सपोजर घ्या. हिस्टोग्रॅमचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून सुटलेला, पण पहिल्या तृतीयांशाच्या आत असावा. फिल्टर नसेल तर इथे १०-१५ सेकंदांतच आकाश उजळून जातं, मग तेवढ्याच लांबीची शेकडो घ्यावी लागतात. एम ४२ चा गाभा, जिथे ट्रॅपेझियमचे चार तारे आहेत, तो १२० सेकंदांत पांढरा फटक होतो. म्हणून शेवटी ५ सेकंदांची वीस-पंचवीस आणि ३० सेकंदांची तेवढीच वेगळी एक्सपोजर घ्या आणि नंतर गाभा त्यांतून बसवा. प्रत्येक दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असते, ती चालू ठेवा. नाहीतर थंड न केलेल्या सेन्सरचे गरम पिक्सेल एकत्रीकरणात तिरक्या रेघोट्या होऊन बसतात.

३० सप्टेंबर १८८० ला न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपर यांनी याच तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं. ११ इंची दुर्बीण, ५१ मिनिटांचं एकच एक्सपोजर, आणि उमटला तो फक्त मधला तेजस्वी भाग. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी ३६ इंची आरशाने घेतलेल्या छायाचित्रात डोळ्याने कधी न दिसलेले तारे आले. त्यांना एका काचेवर जे साधायचं होतं ते आपण तुकड्यांनी साधतो: एखादा तुकडा विमानाने किंवा ढगाने बिघडला तर तेवढाच फेकायचा. फ्रेम चौपट झाल्या की कणीदारपणा निम्मा होतो. त्यामुळे एका तासावरून चार तासांवर गेलात तर फरक डोळ्यात भरतो. चारावरून पाचवर गेलात तर जाणवतही नाही. एम ४२ ला चार तास द्या, रोझेटला निदान आठ, दोन-तीन रात्रींत विभागून. चंद्र असला तरी लाल रेषेचं काम चालतं, ऑक्सिजनचं नाही.

त्याच रात्री झाकण लावून तेवढ्याच वेळेच्या वीसेक डार्क फ्रेम घ्या, सेन्सरचे गरम पिक्सेल वजा करायला. आणि फ्लॅट फ्रेम कधीही चुकवू नका: दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता, पहाटेच्या सारख्या उजळलेल्या आकाशाकडे रोखून तीसेक फोटो. काळ्या आकाशात फ्लॅटवाचून एक वेळ भागतं. मुंबईत पार्श्वभूमीच इतकी उजळ असते की कोपऱ्यांतली दहा टक्के काळोखी, जी फ्लॅटने निघते, ती फिक्या तेजोमेघापेक्षा जास्त ठळक होते.

संगणकावर ‘सिरिल’ हा प्रोग्रॅम पुरेसा आहे, मोफत आहे. त्यात सगळ्या फ्रेम जुळवून एकत्र करा. दुहेरी फिल्टरच्या फाइलमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढणारी स्क्रिप्ट त्यातच मिळते. सेन्सरवरचे लाल पिक्सेल फक्त चौथा हिस्सा, आणि हायड्रोजन त्यांवरच पडतो; ऑक्सिजनची रेषा हिरव्या आणि निळ्या दोन्हींवर पडते. मग हायड्रोजन लाल वाहिनीत आणि ऑक्सिजन हिरव्या-निळ्या वाहिनीत ठेवला की जे रंग येतात ते निसर्गातल्या रंगांच्या अगदी जवळचे. रंग खरे का, याचं हे उत्तर. हबल दुर्बिणीचं १९९५ चं गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचं प्रसिद्ध चित्र वेगळ्या पद्धतीचं आहे: त्यात गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा दाखवला आहे, कारण गंधक आणि हायड्रोजन दोन्ही प्रत्यक्षात लालच असतात आणि शास्त्रज्ञांना ते वेगळे पाहायचे होते. तो नकाशा आहे, फसवणूक नाही; पण तुमच्या पहिल्या फोटोत तो वापरू नका.

चित्र ताणण्याआधी, म्हणजे फिका भाग उजळवण्याआधी, पार्श्वभूमीचा उतार (एका बाजूला जास्त उजेड) काढा, ‘ग्रॅएक्सपर्ट’ हा प्रोग्रॅम हे छान करतो. मग हळूहळू उजळवा. काळं पूर्ण काळं करू नका. एम ४२ च्या कडेची तपकिरी धूळ त्यातच असते आणि बहुतेक फोटोंत ती पहिल्यांदा मारली जाते. रंगाची तीव्रता वाढवताना ताऱ्यांकडे पाहा. ते सगळे एकाच रंगाचे दिसायला लागले की मागे या.

माउंटचा खर्च आत्ता झेपत नसेल तर ‘सीस्टार एस ५०’ सारख्या छोट्या स्मार्ट दुर्बिणीचा विचार जरूर करा. ५० मिलिमीटर व्यास, २५० नाभीय अंतर, दुहेरी फिल्टर आतच. ती बाल्कनीतूनही काम करते आणि शेजारच्या मुलांना त्याच रात्री मोबाइलवर रंगीत एम ४२ दाखवते, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. तिची चौकट साधारण १.३ बाय ०.७ अंश, म्हणून मोठे तेजोमेघ तुकड्यांत जोडावे लागतात. तुमच्या ८० मिलिमीटरइतका तपशील ती देणार नाही.

वर्षाचा क्रम साधारण असा धरा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते. तेव्हा संध्याकाळी आठला उत्तरेला उंचावर हंसातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ. डिसेंबर ते फेब्रुवारी एम ४२, मग मृगाच्या पूर्वेचा रोझेट. धनु राशीतला एम ८ जूनअखेरीस मध्यरात्री सर्वात उंच येतो, म्हणजे ऐन पावसात. त्याला एप्रिलअखेरीस पहाटे चारला गाठायचं. कॅरिना तेजोमेघाचे सुंदर फोटो पाहून मोहात पडू नका, मुंबईतून तो जेमतेम ११ अंश वर येतो आणि तिथे फक्त धुरकं असतं.

यंदाच्या सगळ्या रॉ फाइल आणि फ्लॅट जपून ठेवा, एकत्रित झालेली फाइलच नव्हे. पुढच्या जानेवारीत याच जोडणीने घेतलेले तास सिरिलमध्ये यंदाच्या तासांना जोडता येतात, आणि चाराचे आठ, आठाचे सोळा असेच होतात.